एकट्याने विहिरीत उतरण्याची पूर्वतयारी

शनिवार, ७ सप्टेंबर १९५७

एकोणीस मेनंतर या वहीत एक ओळही लिहिली नाही, याबद्दल स्वतःची क्षमा मागतो. कारणे: जूनमध्ये घरभर फ्लू. जुलैत पेनची निब मोडली. ऑगस्टमध्ये कारण नव्हते. क्षमा मुख्यतः ऑगस्टबद्दल. यापुढे रोज लिहीन, असे लिहीत नाही. फेब्रुवारीत लिहिले होते.

आता मात्र लिहिणे भाग आहे. घरात चोरी झाली आहे. 'चोरी' हा शब्द घाईचा होईल. घरातून एक वस्तू नाहीशी झाली आहे.

वस्तू: आईची मोत्यांची नथ. चापाची. मंगळवारी गौरीविसर्जन होते. आमच्याकडे खड्यांच्या गौरी. सुनंदा सात खडे घेऊन वाडीतल्या विहिरीवर गेली, कठड्यावरून वाकून एकेक पाण्यात सोडला, घरी येऊन आरशात पाहिले तर नाकात नथ नाही. तिचे म्हणणे, वाकताना पाण्यात पडली. पुरावा काय? तर म्हणे, सात खड्यांचे आठ आवाज आले. मी विचारले, मोजले होतेस का. म्हणाली, देवाचे खडे सोडताना कोण मोजतं, पण आठवा ऐकला. न मोजता आठवा कसा ऐकू येतो?

माझा कयास वेगळा. विहिरीवर जाण्याआधी तिने नथ काढून फडताळात ठेवली असणार आणि विसरली असणार. त्या वेळी घरात कोण होते? मधुकर. सुनंदाचा धाकटा भाऊ, वय सव्वीस. फेब्रुवारीपासून आमच्या बाहेरच्या खोलीत मुक्काम. मरोळला बॅटरीच्या एका कारखान्यात टेम्पररी. त्याच्याबद्दल माझे मन स्वच्छ आहे. फक्त नोंद करतो: बुधवारी नवा शर्ट. गुरुवारी शीळ. शुक्रवारी मला न विचारता माझ्या पेनात शाई भरून ठेवली. का?

विमा ऑफिसात क्लेम्सच्या टेबलावर सतरा वर्षे काढली आहेत. पुराव्याशिवाय मी कोणाला दोषी धरत नाही, आणि पुराव्याशिवाय निर्दोषही धरत नाही. सुनंदाला स्पष्ट सांगितले: नथ विहिरीत सापडली तर प्रश्न मिटला. विहिरीत नसेल तर मधुकरने आपली सोय दुसरीकडे पाहावी. ती म्हणाली, आणि सापडली तर तुम्ही काय कराल? प्रश्न नीटसा कळला नाही.

रविवार, ८ सप्टेंबर

सकाळी गुणाजीला बोलावले. हा मालवणकडचा, पूर्वी लालबागला गिरणीत होता, आता इथेच मुलुंडला एका कारखान्यावर वॉचमन. वाडीच्या मागच्या खोल्यांत राहतो. विहिरीत पडलेली भांडी गळ टाकून काढण्यात हातखंडा. दोन तासांत दोन बादल्या, एक तांब्या आणि कोणाची तरी एक चप्पल वर आली. (पिण्याच्या विहिरीत चप्पल? वेगळी चौकशी करावी.) नथ नाही.

गुणाजी म्हणाला, गळाक नथ खयची गावता साहेब, मीच जातंय बुडी मारून. नको म्हटले. गढूळ पाण्यात तळाशी एक माणूस, हातात मोत्यांची नथ, आणि पाहणारा कोणी नाही. सापडली नाही असे तो वर येऊन म्हणाला, तर मी काय करणार? माणूस सज्जन आहे. म्हणूनच त्याला मोहात टाकू नये.

उतरायला एकच विश्वासू माणूस उरतो. पोहणे: कॉलेजात येत होते. निदान बुडालो नव्हतो.

रविवार, १५ सप्टेंबर

नशीब. ट्रॉम्बेच्या जेटीवर काम करणारा एक फ्रेंच इंजिनियर मायदेशी परत चालला आहे. काल त्याच्या सामानाचा लिलाव होता. पाण्याखाली श्वास घेण्याचे यंत्र मिळाले! माझ्याशिवाय कोणीच बोली लावली नाही. का लावली नाही, या विचाराने परत येताना जरा अस्वस्थ.

तपशील: हवेच्या लोखंडी टाक्या, दोन. पाठीला बांधायचे पट्टे. टाकीवर बसणारा डबीसारखा रेग्युलेटर, झाकणाला भोके. त्यातून दोन रबरी नळ्या निघून तोंडाशी येतात, एकीतून हवा आत, दुसरीतून बाहेर. काचेचा मुखवटा. पायात घालायचा रबरी पंख, एक. दुसरा कुठे, असे त्या फ्रेंच माणसाला विचारले. त्याने खांदे उडवले.

सोबत इंग्रजी माहितीपत्रक. पाने सतरा ते वीस फाडलेली. कोणी फाडली? सोळाव्या पानाच्या शेवटी वाक्य आहे, 'श्वास अचानक बंद झाल्यास ताबडतोब'. पुढे एकवीस.

पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत: एकट्याने कधीही पाण्यात उतरू नये, सोबत जोडीदार असावा. हा नियम सर्वसाधारण माणसासाठी ठीक. पण क्लेम्समध्ये मी काय पाहतो? जोडीने बुडालेले. जोडीदार म्हणजे चुका करणारा दुसरा माणूस. एकट्याने उतरायचे असेल तर जोडीदाराऐवजी प्रत्येक वस्तूची जोड हवी. एक बिघडली तर दुसरी. वस्तूला मेहुणा नसतो.

बुधवार, १८ सप्टेंबर

टाक्या भरलेल्या आहेत की रिकाम्या? दाब दाखवणारे घड्याळ नाही. पण मी बी.एस्सी. आहे. हवेला वजन असते. माझ्या हिशेबाने भरलेल्या टाकीत चारेक पौंड हवा मावते. दोन्ही टाक्या कोळशाच्या वखारीत नेऊन तराजूवर चढवल्या. एक दुसरीपेक्षा साडेतीन पौंडांनी जड. म्हणजे एक भरलेली, एक जवळजवळ रिकामी. किंवा वखारवाल्याचा तराजू खोटा. म्हणून पारडी बदलून पुन्हा वजन केले. फरक साडेपाच पौंड.

वखारवाला म्हणाला, मास्तर, हवा मोजायला आलात तर वर कोळसा तरी घ्या. त्याच्याकडून आठ वर्षे कोळसा घेतो आहे. त्या आठ वर्षांबद्दल आता विचार करावा लागेल.

रविवार, २२ सप्टेंबर

दिवसभर सामानाची मांडणी.

जड टाकी पाठीवर. हलकी टाकी राखीव, दोरीला बांधून पाण्यात दहा फुटांवर लोंबकळत ठेवायची.

तळाला जायला कमरेला वजन हवे. घरातला वरवंटा फडक्यात गुंडाळून पट्ट्यात. पट्ट्याला सुरगाठ, म्हणजे अडचणीत एका हिसक्यात सुटावी. सुरगाठ आपोआप सुटू नये म्हणून वर आणखी एक गाठ.

दोरी अडकली तर कापायला चाकू. चाकू हातातून पडला तर अडकित्ता.

सुनंदा म्हणाली, वरवंटा नेलात तर चटणी कशावर वाटू? तुमच्या डोक्यावर? तिची मनःस्थिती समजू शकतो. मधुकर दारात उभा राहून सगळे पाहत होता. म्हणाला, भाऊजी, झकास! फक्त घरच्या विहिरीला एवढं कशाला लागतं? गुहागरला आम्ही लंगोटावर उतरायचो. तो एवढ्या बारकाईने का पाहत होता?

मंगळवार, २४ सप्टेंबर

ऑफिसात दुपारी अचानक लक्षात आले. राखीव टाकीला रेग्युलेटर नाही. रेग्युलेटर एकच, तो पाठीवरच्या टाकीला. म्हणजे संकटात राखीव टाकीपाशी पोचलो तरी तिच्याकडे नुसते पाहता येईल.

तरीही ती खाली राहू द्यावी. मनाला धीर असतो.

रविवार, २९ सप्टेंबर

दोरीचा प्रश्न. कमरेला दोरी हवी, हे निर्विवाद. दुसरे टोक कोणाच्या हातात? कोणाच्याच नाही. रहाटाच्या खांबाला बांधायचे आणि त्या दोरीला देवघरातली घंटा. मी खालून ओढले की घंटा वाजेल. ऐकून कोण येईल, ते पुढे ठरवू.

गुणाजी शेजारी बसून तंबाखू मळत होता. हसला. म्हणाला, खांबाक काय कळतला साहेब? तुमचो मेवणो आसा मा घरात? मग सांगू लागला, त्याच्या गावी विहिरीत उतरणाऱ्याची दोरी नेहमी मेहुण्याच्या हातात देतात, सख्ख्या भावाच्या नाही. भाऊ काय, जमिनीचो वाटो मोठो होता. पण मेवण्याची बहीण रांडावली तर खयं येतली? तेच्याच दारात. म्हणान जीव गेलो तरी तो दोरी सोडूचो नाय.

गावठी तर्क, पण क्लेम्सच्या दृष्टीने बिनतोड. हितसंबंध कुठे गुंतले आहेत ते पाहायचे, हेच तर आम्ही करतो. तरीही इथे लागू नाही. ज्याच्या चोरीचा तपास करायला मी खाली उतरणार, त्याच्याच हातात माझी दोरी?

'चोरी' पुन्हा लिहिले. खोडत नाही, पण नोंद करून ठेवतो.

बुधवार, २ ऑक्टोबर

खंडेनवमी. दरवर्षी पाटावर विळी, कात्री, अडकित्ता, मधुकरचा पाना अशी हत्यारे मांडून पूजा करतो. यंदा यंत्रही मांडले. सुनंदा म्हणाली, त्याला लांबूनच फूल वाहा. पण पूजा करायची तर यथासांग. गंध, हळदकुंकू, फूल, अक्षता. रेग्युलेटरच्या डबीवर मी स्वतः दोनदा मनोभावे अक्षता वाहिल्या. विज्ञान एका बाजूला आणि श्रद्धा दुसऱ्या बाजूला, अशी जोड इथेही असावी.

शनिवार, ५ ऑक्टोबर

उद्या उतरणार. सकाळी दहा ते अकरा विहिरीवर कोणी नसते. मधुकरला त्या वेळी नाहूरला ओळखीच्यांकडे शिडी आणायला पाठवतो आहे. शिडी नको आहे.

पाण्यात वाचता यावी म्हणून यादी शाळेच्या पाटीवर केली. पाटी कमरेला बांधायची.

१. टाकीचा कॉक उघडा? २. मुखवटा. ३. वरवंटा. ४. चाकू. ५. अडकित्ता. ६. घंटा. ७. दोरी म.च्या हाती नको (नथ). ८. घाबरू नये.

रविवार, ६ ऑक्टोबर. दुपारी ४

अक्षर वाईट, क्षमा.

मोहीम अंशतः यशस्वी.

सकाळच्या पेपरात: रशियाने आकाशात कृत्रिम चंद्र सोडला. आत माणूस नाही. शहाणपणा.

दहा वाजून दहा मिनिटांनी पायऱ्यांवरून पाण्यात. श्वास येतो आहे! त्या क्षणी फार बरे वाटले. पाच फूट. सात. पाणी हिरवे. मग प्रत्येक श्वासाबरोबर थोडे पाणी तोंडात. गिळले. आणखी आले. गिळले. पाण्याला हळदीची चव. पाटी पाहिली. यादीत हळदीबद्दल काही नाही. वाचता वाचता आठव्या क्रमांकावर आलो आणि घाबरलो.

पट्ट्याला हिसका दिला. सुरगाठ सुटली. वरची गाठ सुटली नाही. चाकू काढला, तो गेला. अडकित्त्याने पट्टा कापायला गेलो आणि मुखवट्याचा पट्टा कापला. यानंतरचा क्रम निश्चित सांगता येत नाही. दोरी ओढली असावी. घंटा मला ऐकू आली नाही, पण ओढली असावी.

पुढचे आठवते ते विहिरीच्या कडेचे फरशीकाम, गालाला लागलेले. मी त्यावर पाणी ओकत होतो. सबंध वाडी जमलेली. मागच्या चाळीतल्या वनमालाबाई म्हणत होत्या, आता हे पाणी प्यायचं कसं? दोरी खांबाला नव्हतीच. दोरी मधुकरच्या दोन्ही मुठींत होती. तळहात सोललेले.

तो नाहूरला गेलाच नव्हता. सुनंदाने त्याला थांबायला सांगितले होते म्हणे. मी पाण्यात गेल्याबरोबर खांबाची दोरी सोडून त्याने स्वतःच्या कमरेला एक वेढा घेतला आणि रहाटामागे बसून राहिला.

मला मोकळा श्वास घेता यावा म्हणून त्यानेच माझे पट्टे सोडवले. पाटीही सोडवली. पाटीवरचे अक्षर पुसले गेले नव्हते. चांगल्या प्रतीची पाटी. त्याने ती वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाला, भाऊजी, सात नंबर चुकला तुमचा.

आणि पाटी माझ्या हातात देऊन आंघोळीला गेला.

सोमवार, ७ ऑक्टोबर

रजा. तपास.

यंत्र उघडले. डबीच्या आत श्वास बाहेर सोडणारी रबरी झडप आहे, बदकाच्या चोचीसारखी. ती मिटली की बाहेरचे पाणी आत येत नाही. चोचीत एक तांदळाचा दाणा सापडला. चोच उघडीच राहिलेली. म्हणजे घातपात!

दाणा कागदावर ठेवून भिंगातून पाहिला. कोणी ठेवला? मांडणीच्या रविवारी मधुकर यंत्राजवळ घुटमळत होता. तांदूळ घरात सगळ्यांनाच मिळतात. पण दाण्याला कुंकू लागलेले. आतल्या बाजूला हळदीचा थर. कुंकवाचा तांदूळ म्हणजे अक्षता. यंत्रावर अक्षता कोणी वाहिल्या?

या बाबीचा अधिक तपास करण्याचे कारण दिसत नाही.

(नंतर.) कारण दिसत नाही, असे लिहिणे बरोबर नाही. मीच वाहिल्या. दोनदा.

बुधवार, ९ ऑक्टोबर

काल कोजागिरी. दूध मला गार मिळाले. सुनंदा बोलते, पण तिसऱ्याच कोणाशी बोलल्यासारखी: ज्यांना आमटी हवी असेल त्यांनी वाढून घ्यावी.

मधुकर मात्र नेहमीसारखा. हाताला फडकी बांधून कारखान्यात जातो. शीळ बंद. ती बंद व्हावी अशी माझी कधीपासूनची इच्छा होती. घरात फार शांत वाटते. चांगल्या अर्थाने नव्हे.

गुरुवार, १० ऑक्टोबर

सुनंदाने त्याला माझा नियम सांगून टाकला. विहिरीत नथ नसेल तर त्याने जायचे, तो. मी म्हटले, हे सांगायची काय गरज होती? ती म्हणाली, पाटीवर छापून वाडीभर वाचायला तुम्हीच ठेवलंत, मी फक्त खुलासा केला.

मधुकर जेवता जेवता म्हणाला, ताई, रविवारी मी बघून येतो. तळाला असेल तर असेल. नसेल तर वाट लागली माझी. आणि हसला. हसण्यासारखे काय होते?

रविवार, १३ ऑक्टोबर

नीट, क्रमाने लिहितो.

सकाळी नऊ. मधुकर हाफ पँटवर. तळाला लवकर जायला हातात वरवंटा, तो सुनंदाने न कुरकुरता दिला. यंत्र नको म्हणाला. कमरेला दोरी बांधली. गुणाजी दोरीचे दुसरे टोक घ्यायला पुढे झाला. मधुकरने ते त्याला न देता माझ्याकडे आणले आणि माझ्या हातात दिले. म्हणाला, धरा भाऊजी.

गुणाजी मोठ्याने म्हणाला, ह्यो उलटो मेवणो रे! हेका काय, दोरी सोडली तर बाहेरची खोली मोकळी! दोघेतिघे हसले. मीही हसायचा प्रयत्न केला. गुणाजीचे म्हणणे खोटे नव्हते. हितसंबंधाच्या दृष्टीने त्याने मजकडे दोरी द्यायला नको होती. क्लेम्समध्ये अशी फाइल आली असती तर मी लाल पेन्सिलीने खूण केली असती.

पहिली बुडी: चिखल. दुसरी: गौरीचा एक खडा. म्हणजे जागा बरोबर. तिसऱ्या बुडीला त्याने मोठा श्वास घेतला आणि गेला. मी आकडे मोजू लागलो. तीस. चाळीस. पन्नासला बुडबुडे थांबले. गुणाजी म्हणाला, थांबा साहेब, तो इशारत करतलो. पंचावन्न. साठ. दोरी हातात ढिली. मला वाटले, आता तिला वजन असेल, पण जीव नसेल. मी ओढली. सगळ्या अंगाने ओढली. पाय घसरून मागे पडलो, पण दोरी सोडली नाही.

मधुकर वर आला तो खोकत आणि चिडलेला. म्हणाला, अहो भाऊजी, इशारा केला होता का मी? हाताला लागलं होतं! चिखलात बोट घातलं होतं, गुळगुळीत, वाटोळं काहीतरी, आणि तुम्ही उपटलंत मला मुळ्यासारखं!

हातात काही नव्हते. वरवंटाही नव्हता. पाणी तळापासून ढवळले गेले. त्याने आणखी तीन बुड्या मारल्या, डोळे लाल झाले, दात वाजायला लागले, तेव्हा सुनंदाने पंचा टाकून त्याला बाहेर बोलावले. गुणाजीचे म्हणणे, आता मे महिन्यात पाणी खाली गेल्यावर गाळ काढायचा, तेव्हा काय ते दिसेल.

दोरीने माझेही तळहात सोलले.

सोमवार, १४ ऑक्टोबर

सकाळी मधुकरने वळकटी बांधली. मी म्हटले, मेपर्यंत निकाल राखून ठेवता येईल. तो म्हणाला, नको, नियम तुमचा सरळ आहे, विहिरीत नाही मिळाली. घाटकोपरला नंदू म्हणून त्याच्या कारखान्यातला मित्र आहे, त्याच्या खोलीत जागा आहे, मरोळ तिथून जवळ पडेल वगैरे. सगळे पटण्यासारखे.

जाताना वाकून नमस्कार केला. एरवी करत नाही. हे मला संशयास्पद वाटायला हवे होते. वाटले नाही. याचीही नोंद करतो.

बुधवार, १६ ऑक्टोबर

वरवंटा विहिरीत. सुनंदाने आज राखीव टाकी पाट्यावर आडवी फिरवून चटणी वाटली. चटणी बरी झाली होती. मी तसे म्हटले. ती म्हणाली, ज्यांना आवडली असेल त्यांनी घ्यावी.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

ऑफिसात काम कमी. एक कोरा क्लेम फॉर्म घेऊन मधुकरची बाजू लिहून काढली. सवयीने.

घटना: तळाशी वस्तू हाताला लागली. वर्णन: गुळगुळीत, वाटोळे. साक्षीदार: नाही. वस्तू: हजर केलेली नाही. मोती असेल, गौरीचा दुसरा खडा असेल, नुसते बोलणेही असेल. अशा फाइलवर मी सतरा वर्षे एकच शेरा मारतो: पुराव्याअभावी नामंजूर.

मग रकाना आला, पुरावा सादर न करण्याचे कारण. लिहिले: तपास अधिकाऱ्याने अर्जदारास वेळेआधी वर ओढले. का ओढले? भीती वाटली. कोणाबद्दल?

इथे थांबलो. फॉर्म फाडून टाकला. सरकारी कागद फाडला, याची टोचणी आहे.

शनिवार, १९ ऑक्टोबर

बाहेरची खोली आता मोकळी. तिथे बसून शांतपणे लिहीन असे म्हटले होते. तासभर बसलो. पेनात शाई नव्हती, आणि भरून ठेवणारे कोणी नव्हते.

पुढच्या आठवड्यात भाऊबीज आहे. सुनंदाने तिचे नाव काढलेले नाही. मीही नाही.

स्वतःशी प्रामाणिकपणे: नथ सापडलेली नाही. पुरावा नाही. मे महिन्यात गाळ निघाला की कळेलच, आणि मे यायला सात महिने आहेत. थांबणे नियमाला धरून होईल. संध्याकाळी हे सुनंदाला समजावून सांगायला गेलो. तिने ऐकून घेतले आणि विचारले, तुम्ही त्याला ओढलंत तेव्हा मोजत होता ना? किती झाले होते? साठ, म्हणालो. ती म्हणाली, गुणाजी सांगत होता, तुम्ही मोठ्याने मोजत होता. पन्नासनंतर आकडे नव्हतेच, नुसतं मधू, मधू चाललं होतं.

मला तसे आठवत नाही. पण साक्षीदार आहेत.

उद्या: सकाळी घाटकोपरला जाऊन मधुकरला घरी आणणे.